माती कशाने धरते, कशाने सुटते

(पावसाळ्याआधीच्या अभ्यास शिबिरात आम्ही केलेल्या मांडणीचा हा मजकूर. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापला आहे. पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावा. आकृत्या स्टेन्सिलवर नीट उतरत नाहीत म्हणून सगळं शब्दांतच सांगितलं आहे.)



दर शिबिरात आपण सातबारा, वनहक्काचा दावा, नकाशा, पुरावे यांवर बोलतो. आज कागद जरा बाजूला ठेवू आणि खुद्द मातीवर बोलू. पावसाळा तोंडावर आला आहे. डोंगर उतरला की तीन प्रश्न आपल्या अंगावर येतात. दोष कोणाचा? आता राहायचं कुठे? आणि साहेब कागद पुढे करतात त्यावर सही करायची की नाही? या तिन्हींचं उत्तर शेवटी एकाच गोष्टीवर येऊन थांबतं, ती म्हणजे मातीची पकड. इंजिनियर तिला शिअर स्ट्रेंग्थ म्हणतात, पुस्तकी मराठीत कर्तनसामर्थ्य. आपण पकडच म्हणू.

माळीण तुम्हाला सांगायला नको. आंबेगाव तालुका, महादेव कोळ्यांचं गाव, ३० जुलै २०१४ ची सकाळ. एसटीचा ड्रायव्हर गाडी घेऊन आला तर गाव जागेवर नाही. १५१ माणसं गेली. मढी काढायचं काम चालूच होतं, तेवढ्यात बातम्यांतून दोष ठरलासुद्धा: पडकई. म्हणजे आदिवासींनी डोंगरावर खाचरं काढली, म्हणून डोंगर खाली आला. मेलेल्यांनीच स्वतःला मारलं असा त्याचा अर्थ होतो. हे ऐकून आपल्यातले बरेच जण संतापले, ते बरोबरच होतं. पण संतापून नुसतं ‘खोटं आहे’ म्हटलं तर साहेब ऐकत नाही. त्यात खरं किती आणि खोटं किती, हे मातीच्या भाषेत सांगता आलं पाहिजे.

तर माती उतारावर उभी का राहते? धान्याच्या पोत्यांची थप्पी डोळ्यांपुढे आणा. सगळ्यात खालचं पोतं ओढून पाहा, हलत नाही. वरचं ओढा, सहज निघतं. पोती तीच, तागही तोच. फरक आहे तो वरून पडणाऱ्या दाबाचा. जेवढा दाब जास्त तेवढं घर्षण जास्त. मातीच्या कणांचंही असंच आहे. वरच्या मातीचं वजन खालच्या कणांना एकमेकांवर दाबून धरतं, म्हणून ते घसरत नाहीत. हा पकडीचा पहिला भाग. दुसरा भाग चिकट्याचा: चिकणमातीचा स्वतःचा चिकटपणा, मुरमात अजून शाबूत असलेली खडकाची बांधणी, आणि झाडाची मुळं. घर्षण आणि चिकटा मिळून पकड होते. कुलोम नावाच्या फ्रेंच लष्करी इंजिनियरने हे गणित मांडलं, ते १७७६ मध्ये छापून आलं. किल्ल्याच्या भिंतीमागची माती भिंत का ढकलते, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. अडीचशे वर्षं होत आली, आजही प्रयोगशाळेत हेच गणित चालतं.

यात पाणी कुठे आलं? लोक म्हणतात, पाण्याने माती जड झाली म्हणून पडली. हे अर्धंच खरं आहे, आणि ते अर्ध्यातलंही कमी महत्त्वाचं अर्धं. ओढ्यात बुडालेला धोंडा हलवून बघा. काठावर एकट्याला न हलणारा पाण्यात एकट्याने सरकतो, कारण पाणी त्याला खालून उचलून धरतं. मातीच्या आत हेच घडतं. कणांमधल्या फटी पाण्याने भरल्या की ते पाणी कणांना एकमेकांपासून दूर ढकलतं. वरचं वजन तेवढंच असतं, उलट वाढलेलंच असतं, पण कण एकमेकांवर पूर्वीसारखे दाबले जात नाहीत. दाब गेला की घर्षण गेलं. कार्ल टेरझागी या इंजिनियरने हा विचार १९२० नंतरच्या काळात पक्का करून मांडला, आणि त्यावर मृदा-यांत्रिकी नावाचं सगळं शास्त्र उभं राहिलं. एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा करा, जो उरेल तोच मातीच्या कामाचा.

आता एक हिशेब करू. शिबिरात फळ्यावर केला होता, वाचणाऱ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन करावा. हा माळीणचा हिशेब नाही, समजण्यापुरता धरलेला आहे. उतार ३० अंशांचा. खडकावर ३ मीटर जाडीचा मातीचा थर, ओली माती घनमीटरला २ टन. मातीच्या तळाशी, जिथे ती खडकाला टेकते तिथे, दर चौरस मीटरला खाली खेचणारं बल येतं २.६ टन. तिथेच दाबून धरणारं बल ४.५ टन. घर्षणाचा कोन ३२ अंश धरला तर दाबाला सुमारे ०.६२५ ने गुणायचं: २.८ टन. चिकटा अर्धा टन धरू. एकूण पकड ३.३ टन. खेच २.६, पकड ३.३, म्हणजे डोंगर उभा.

आता पाऊस लागला. पाणी खाली मुरलं, खडकाला अडलं आणि मातीत दीड मीटर चढलं. त्या पाण्याचा दाब सव्वा टनाच्या जरा आत, १.१ टन. कामाचा दाब राहिला ३.४. पकड २.१ अधिक अर्धा, म्हणजे २.६. खेचही २.६ च. काट्यावर काटा! अजून एक रात्र पाऊस पडला, पाणी वरपर्यंत भरलं, तर पकड राहते १.९. डोंगर खाली.

या हिशेबात कोणी उतार कापला नाही, कोणी झाड तोडलं नाही. फक्त पाणी दीड मीटर चढलं. म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो की पाणी मातीत शिरतं कुठून आणि बाहेर पडतं कुठून, हे आधी विचारा. बाकीचे प्रश्न त्यानंतर.

यावर एका मावशींनी फार चांगलं विचारलं. ‘डोंगर तर दर साली भिजतो. आमच्या आज्याच्या काळापासून भिजतो. मग पडायचा तो याच साली का?’ याचं उत्तर असं, की पकड एकसारखी राहत नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण ऊन-पावसाने कुजत जातो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. खडकाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबडा, गेरूसारखा पट्टा दिसतो. तिथे पाणी अडतं आणि आडवं चालतं. चिकट्याचा तो अर्धा टन दरवर्षी थोडा झिजतो. झाडांचं आणखी निराळं. झाड तोडलं त्या वर्षी काही होत नाही, मुळं जमिनीत धरून असतात. मग ती कुजायला लागतात आणि काही वर्षांनी पकड सुटते. तेव्हा तोडणारा ठेकेदार दुसऱ्या डोंगरावर गेलेला असतो आणि पंचनाम्यात त्याचं नाव कुठेच नसतं. डोंगराच्या माथ्यावर भेग पडली असेल तर पाणी मुरत बसत नाही, सरळ आत उतरतं. मग ज्या पावसाने आज्याच्या काळी काही झालं नाही, तेवढाच पाऊस आता पुरतो.

आता पडकईकडे येऊ. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: डोंगरउतार फोडून, दगड वेचून, त्याच दगडांचा बांध रचून भाताचं खाचर तयार करायचं, आणि हे काम उन्हाळ्यात एकमेकांच्या शेतावर जाऊन मिळून करायचं, ही आपली पद्धत. एका हंगामात एखादं खाचर व्हायचं, कधी अर्धंच. पहारीने आणि हाताने त्याहून जास्त होतच नाही. पुढे तिला सरकारी योजनेचं रूप आलं, आणि यंत्र आलं.

खाचर काढल्याने पकड कमी होते का? होऊ शकते, हे आपण मान्य केलं पाहिजे. खाचरात पाणी साठवतो म्हणजे डोंगरात पाणी जास्त मुरतं. पायरीची उभी बाजू मूळ उतारापेक्षा खडी असते. पण कोरड्या दगडाचा रचलेला बांध दोन कामं करतो. मातीला टेकू देतो, आणि दगडांच्या फटींतून पाणी वाहू देतो. पाणी वाहिलं म्हणजे दाब साठला नाही. वरच्या खाचराचं जादा पाणी सांडीवरून खालच्यात, तिथून ओहोळात. ही सगळी रचना म्हणजे मातीच्या आतला पाण्याचा दाब उतरवायची तजवीज आहे. आपल्या म्हाताऱ्यांनी टेरझागी वाचला नव्हता.

यंत्राने काढलेल्या खाचरात काय होतं? एका आठवड्यात सबंध उतार कापला जातो. आतल्या बाजूने निघालेली माती बाहेरच्या कडेला लोटली जाते. ती दाबलेली नसते, तिच्यात चिकटा नसतो, दगडी बांध रचायला वेळ आणि माणसं नसतात. सैल मातीत पाणी भराभर शिरतं आणि बसकण होते. तेव्हा वाद पडकई की पडकई नाही असा नाही. बांध कशाचा आहे, भराव कसा घातला, पाण्याला वाट ठेवली का, आणि उतार किती अंशांचा होता, हे त्या त्या जागी जाऊन मोजायचं असतं. ज्याने हे मोजलं नाही त्याने शेतकऱ्यावर दोष ठेवू नये. आणि आपणही न मोजता सगळं खापर जेसीबीवर फोडू नये.

फोडलं तर इर्शाळवाडीचं काय सांगणार? खालापूर तालुका, इर्शाळगडाच्या पोटाशी ठाकर बांधवांची वाडी. १९ जुलै २०२३ ची रात्र. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली आणि शोध थांबवला. त्या वाडीला रस्ता नव्हता. शोधासाठीसुद्धा यंत्र वर नेता आलं नाही, माणसांनी हातांनी, कुदळी-फावड्यांनी माती उपसली. जिथे यंत्र कधी चढलंच नाही तिथेही डोंगर उतरला. खडा उतार, मातीचा थर, सलग मोठा पाऊस, एवढं पुरे झालं. आणि ही वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितलं.

यादीत का नव्हती, हे कळायला नकाशाचं प्रमाण बघा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडींचा जो देशव्यापी नकाशा केला त्याचं प्रमाण पन्नास हजाराला एक. म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर कागदावर एक सेंटिमीटर. आपला पाडा त्यात ज्वारीच्या दाण्याएवढा. तालुक्याच्या नियोजनाला तो नकाशा उपयोगी आहे, आम्ही त्याला नावं ठेवत नाही. पण पाड्यामागच्या भेगेबद्दल तो काही सांगू शकत नाही. त्यासाठी माणसाने तिथे चढूनच जावं लागतं, आणि बहुतेक वेळा आधी चढून गेलेलं माणूस म्हणजे शेळ्या राखणारं पोर असतं. त्याला कोणी विचारत नाही.

आता नव्या जागेचा प्रश्न. इथे आम्ही जरा जास्त वेळ घेतला, कारण सही इथेच करायची असते.

माळीणचं पुनर्वसन जवळच्या आमडे गावच्या जागेवर झालं. २ एप्रिल २०१७ ला मुख्यमंत्र्यांच्या हस्ते घरं दिली. पक्की घरं, शाळा, रस्ते, सगळं नवं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि रस्ते खचले, भराव वाहिला, भेगा दिसल्या. एकदा डोंगराखाली गाव गमावलेली माणसं पुन्हा घाबरून बाहेर पडली. जीव गेला नाही, पण त्या रात्री त्यांच्या मनावर काय गेलं असेल ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

उतारावर सपाट प्लॉट पाडायचे म्हणजे अर्धा भाग कापायचा आणि अर्धा भरायचा. कापलेल्या भागावरचं घर बहुधा टिकतं. भरावावरच्या घराचं सगळं दैव भराव कसा घातला यावर. तो वीतभर जाडीच्या थरांनी घालायचा, प्रत्येक थराला बेताचं पाणी द्यायचं, रोलर फिरवायचा, मग दुसरा थर. प्रत्येक थर किती दाबला गेला ते मोजायचं. हे न करता डंपरने ओतून वरून गुळगुळीत केलं तर उन्हाळ्यात ते छान दिसतं. सुकी माती स्वतःला तात्पुरती धरून असते, तिच्यातला थोडासा ओलावा कणांना खेचून ठेवतो. वाळूचा किल्ला ओलसर असताना उभा राहतो, पाण्यात बुडाला की विरघळतो, तसंच. पहिल्या पावसात तो खोटा चिकटा गेला की माती बसते. म्हणून उद्घाटनं एप्रिलमध्ये होतात आणि भेगा जूनमध्ये दिसतात. जागा दाखवायला साहेब आले तर त्यांना विचारा, एक पावसाळा या भरावावरून गेलाय का?

मातीची तपासणी झाली असं सांगतात. कशी झाली तेही विचारायला शिकू. साधी तपासणी अशी असते: पितळेची किंवा लोखंडाची पेटी, सहा सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद, आडवी दोन भागांत कापलेली. आत माती भरतात, वरून वजन ठेवतात, आणि अर्धी पेटी बाजूला ढकलतात. माती ज्या जोराला तुटते तो नोंदवतात. तीन वेगवेगळ्या वजनांवर तीनदा केलं की घर्षणाचा कोन आणि चिकटा दोन्ही मिळतात. भारतीय मानक २७२०, भाग १३, हा त्याचा नियम. पेटी लहान, म्हणून माती आधी चाळून मोठे खडे काढून टाकतात. आपल्या डोंगराची माती तर निम्मी दगड-गोट्यांचीच. तेव्हा आलेला आकडा चाळलेल्या मातीचा आहे की डोंगराच्या, हा पहिला प्रश्न. नमुना किती खोलीवरून घेतला? वरच्या हातभर मातीची पकड कितीही चांगली असो, घसरण होते ती खाली, खडकाजवळ. नमुना कोणत्या महिन्यात घेतला, आणि तपासताना तो पाण्याने पूर्ण भिजवला होता का? मे महिन्यातल्या सुक्या ढेकळाचा आकडा जुलैच्या डोंगराला लावला तर मघाचा आपला हिशेब आठवा. ३.३ असलेली पकड १.९ वर येते.

हे विचारायचा आपल्याला हक्क आहे का? आहे. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे जमीन घेण्याआधी आणि प्रकल्पबाधितांचं पुनर्वसन करण्याआधी ग्रामसभेशी विचारविनिमय करावा लागतो. अहवाल न पाहता विचारविनिमय कसला? आणि क्षेत्र अनुसूचित असो वा नसो, माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा सगळ्यांना आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. अहवाल इंग्रजीत मिळाला तरी घाबरू नका. त्यातली चार-पाच आकड्यांची पानं आणा, आपण मिळून लावू.

एक धोका मात्र आहे. ‘तुमची जागा दरडीची आहे’ असं म्हणून जंगलातून उठवायचं आणि वनहक्काचा दावा तसाच गाडायचा, असं होऊ शकतं. जीव वाचवायला हलणं आणि हक्क सोडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घर खाली आलं तरी कसत असलेली जमीन, हिरड्याची झाडं, गुरचरण यांच्यावरचा दावा चालूच राहिला पाहिजे. म्हणून ठरावात दोन्ही वाक्यं एकत्र घालायची. शिबिरात मंजूर झालेला मसुदा असा:

‘ही ग्रामसभा ठरवते की, पाड्यासाठी सुचवलेल्या नव्या जागेचा मृदा-परीक्षण अहवाल, त्यात नमुन्यांची खोली, महिना, भिजवलेल्या स्थितीतील घर्षणकोन व चिकटा, भरावाच्या प्रत्येक थराची नोंद आणि पाणी निचऱ्याचा आराखडा यांसह, मराठीत ग्रामसभेपुढे वाचून दाखवल्याशिवाय संमती दिली जाणार नाही. तसेच सध्याच्या जागेवरून तात्पुरते वा कायम हलल्याने कोणत्याही कुटुंबाचा वैयक्तिक वा सामूहिक वनहक्क दावा कमी होणार नाही.’

आपल्या गावचं नाव आणि तारीख घालून प्रत करून घ्या. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या.

राहिलं ते पाड्यावरचं काम. माथ्यावर नवी भेग, वाकलेली झाडं, न बसणारी दारं, अचानक गढूळ झालेला किंवा एकाएकी आटलेला झरा, ही माती सरकू लागल्याची चिन्हं आहेत. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकायची आणि मधलं अंतर सुतळीने मोजून वहीत लिहायचं. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा, झड लागली की रोज सकाळ-संध्याकाळ. अंतर वाढलं की वाट बघायची नाही, त्याच रात्री पाडा खाली करायचा, मग साहेब येवो न येवो. सरळ उभ्या बाजूंचा पत्र्याचा डबा उघड्यावर ठेवला तर पावसाचाही आकडा मिळतो, पट्टीने मिलिमीटर मोजा. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून ती मातीने ठेचून बुजवायची आणि वरच्या अंगाने चर काढून पाणी बाजूच्या ओहोळात वळवायचं. घरामागचा उतार कापून अंगण वाढवायचं काम यंदा कोणी काढू नये.

पहिल्या खुंट्या येत्या रविवारी वरच्या पाड्यामागे ठोकायच्या आहेत. पहार, सुतळी आणि एक कोरी वही घेऊन या. शेळ्या राखणारी पोरं आलीच पाहिजेत, भेग कुठे आहे ते त्यांनाच माहीत आहे.